पौषातलं काम: राहिलेल्या नऊ फिल्म आणि २०२६ चा हिशेब

२२ डिसेंबर २०२५, सोमवार

काल पौष लागला. यंदाचं शेवटचं लग्न ११ डिसेंबरला शूट केलं, पुढचं ३ फेब्रुवारीला आहे. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत शुक्राचा अस्त, त्यात पौष. काही गुरुजी गौण काळातले, म्हणजे अडीअडचणीला चालणारे, मुहूर्त काढून देतात, पण आमच्या मिरज-सांगलीकडं लोक फेब्रुवारीपर्यंत थांबणंच पसंत करतात. म्हणजे सात आठवडे कॅमेरा कपाटात.

आज भिंतीवरच्या पाटीवर राहिलेल्या फिल्म लिहून काढल्या. नऊ निघाल्या. मला सहा वाटत होत्या. सगळ्यात जुनं लग्न मे महिन्यातलं आहे, त्यांना ६० दिवसांत देते असं मी तोंडानं सांगितलं होतं. सात महिने झाले. नवऱ्यामुलाची आई दर पंधरा दिवसांनी फोन करतात आणि कधीही आवाज न चढवता विचारतात, "ताई, कॅसेट झाली काय आमची?" कॅसेट जाऊन वीस वर्षं झाली तरी शब्द तोच राहिलाय. आता त्यांचा नंबर दिसला की माझ्या पोटात गोळा येतो.

या नोंदी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या, विशेषतः दोन-तीन माणसांत काम चालवणाऱ्यांसाठी ठेवते आहे. ठरवलं ते असं: ३० जानेवारीपर्यंत नऊही फिल्म घरपोच, आणि पुढच्या वर्षाचे दर, लग्नांची संख्या, हप्ते हे सगळं कागदावर.

२४ डिसेंबर, बुधवार

दोन दिवस वाया गेले.

वाटणी अशी केली होती की एडिटरनं तीन तासांची पूर्ण फिल्म करायची आणि मी हायलाइट, म्हणजे निवडक क्षणांची छोटी फिल्म. तो एडियस या एडिटिंग सॉफ्टवेअरवर काम करतो, मी रिझॉल्व्हवर, तेव्हा एकाचं प्रोजेक्ट दुसऱ्याला उघडत नाही. ते एक वेळ चाललं असतं. खरी अडचण फोल्डरची निघाली. सीझनमध्ये रात्री दोनला घरी येऊन कार्डं ओतलेली. फोल्डरांची नावं 'हळद नवीन', 'बी कॅमेरा २', 'कालचं', 'नवीन फोल्डर'. एका लग्नाची पाठवणी दुसऱ्या लग्नाच्या साखरपुड्याखाली सापडली.

त्यात बी कॅमेऱ्याचं, म्हणजे दुसऱ्या कॅमेऱ्याचं, घड्याळ २ तास १० मिनिटं पुढं होतं. क्लिप वेळेप्रमाणं लावल्या की अंतरपाट धरायच्या आधीच सप्तपदी सुरू व्हायची. दोघांनी बसून ५ लग्नांच्या क्लिप हातानं लावल्या, १९ तास गेले.

आता नियम केला. मंगल कार्यालयात पोचल्यावर पहिलं काम म्हणजे फोनवरचं सेकंदासकट घड्याळ सगळ्या कॅमेऱ्यांवर पाच सेकंद शूट करायचं. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकलं असलं तरी फरक किती ते लगेच कळतं. फोल्डरचं नाव तारीख, आडनावं, कॅमेरा, कार्ड क्रमांक या क्रमानं. कार्ड ओतणाऱ्यानं वहीत सही करायची.

२७ डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी ४ टीबीची पोर्टेबल डिस्क टक-टक करायला लागली आणि दिसेनाशी झाली. एडिटर तिच्यावरूनच थेट काम करत होता. डिस्क चालू असताना त्यानं ती टेबलाच्या एका कडेवरून दुसरीकडं सरकवली, एवढंच. त्याला बोलण्यात अर्थ नव्हता, कामाची डिस्क आणि सांभाळायची डिस्क एकच ठेवली ती मी.

तिच्यावर नऊपैकी दोन लग्नं होती. एकाची दुसरी प्रत आहे. दुसरं नोव्हेंबरमधलं शिरोळचं लग्न. त्याच्या ए कॅमेऱ्याची प्रत आहे, पण बी कॅमेरा आणि आवाजाचा रेकॉर्डर यांच्या फाइली फक्त याच डिस्कवर. दुसऱ्या दिवशी जयसिंगपूरला लग्न होतं, कार्डं कमी पडत होती, म्हणून एकच प्रत झालेली असताना मी सकाळी सहाला कार्डं फॉरमॅट केली. ती सकाळ मला आठवते. मनात आलंही होतं की दुसरी प्रत झाली नाही.

कृपा करून अशा वेळी डिस्क पुन्हा पुन्हा लावून बघू नका. मी चार वेळा लावली. बिघडलेल्या डिस्कवरच्या फाइली काढून देणाऱ्या पुण्याच्या माणसानं फोनवर पहिलं हेच विचारलं आणि गप्प झाला.

२९ डिसेंबर, सोमवार

सकाळच्या गाडीनं पुणे, रात्री परत. डिस्क रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवली होती. तपासणीचे ४,००० आगाऊ दिले. जे निघेल त्यावर एकूण ३२,००० पर्यंत जाईल म्हणाले. हो म्हटलं. शिरोळच्या लग्नाचे मी ७०,००० घेतलेत. निम्मे गेले तरी चालतील, पण प्रयत्न न करता त्या घरात जाऊन उभी राहू शकणार नाही.

१ जानेवारी २०२६, गुरुवार

आज फक्त हिशेब. दरवर्षी मी मनातल्या मनात करते, यंदा वहीत केला. आकडे जसेच्या तसे देते, कारण आपल्या धंद्यात लेन्सबद्दल सगळे बोलतात आणि हिशेबावर कुणी बोलत नाही.

२०२५ मध्ये २७ लग्नं आणि ४ साखरपुडे. लग्नामागे सरासरी ६८,००० म्हणजे १८,३६,००० आणि साखरपुड्यांचे ६०,०००. एकूण १८,९६,०००.

खर्च असा. दुसरा कॅमेरामन, गिंबलवाला (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणाऱ्या दांड्यावर शूट करणारा) आणि मदतनीस मिळून लग्नामागे २२,०००, त्याचे ५,९४,०००. एडिटरचा पगार २,१६,०००. प्रवास आणि जेवणखाण १,३८,०००. डिस्का आणि कार्डं ९२,०००. भाड्यानं आणलेल्या लेन्स आणि तिसरा कॅमेरा १,०५,०००. गाळ्याचं भाडं, लाइटबिल ९६,०००. कॅमेरा आणि कॉम्प्युटरचा हप्ता १,७४,०००. सॉफ्टवेअर, विमा, दुरुस्ती ६१,०००. बेरीज १४,७६,०००.

कागदावर उरले ४,२०,०००. वाईट नाही म्हणून पासबुक घेतलं. प्रत्यक्ष जमा १५,४१,०००. येणं ३,५५,०००. जमेतून खर्च वजा केला तर वर्षभराचे हातात ६५,००० राहतात, महिन्याला साडेपाच हजाराच्या आत. घर नवऱ्याच्या पगारावर चाललं, म्हणून मला ते दिसलं नाही.

येणं कुठं अडकलंय तेही बघितलं. १,३०,००० फिल्म देऊनही आलेले नाहीत. बाकी २,२५,००० या पाटीवरच्या नऊ फिल्मचे शेवटचे हप्ते आहेत. म्हणजे ते लोकांनी बुडवलेले नाहीत, मीच अडवून ठेवलेत. माझी पद्धत होती बुकिंगला २० टक्के, लग्नादिवशी ४०, फिल्म दिल्यावर ४०. फिल्म देत नाही तोवर मागायला तोंड नाही.

आता तासांचं. या आठवड्यात दोन फिल्म पूर्ण झाल्या, त्यांचे तास मांडले: पूर्ण फिल्म २६, हायलाइट ३१, दुरुस्त्या ९. एका लग्नाला ६६ तास. नोव्हेंबर-डिसेंबरच्या ४० दिवसांत मी ११ लग्नं घेतली, म्हणजे ७२६ तासांचं एडिटिंग. एडिटर दिवसाला ८ तास बसला तर ४० दिवसांत ३२० होतात. मी तेव्हा मांडवात असते. उरलेले ४०० तास कुठून येणार होते? हा भागाकार मी एकदाही केला नव्हता. तारीख विचारायला फोन आला की डायरीत रिकामी जागा बघायची आणि हो म्हणायचं.

आणि एक. टीझर, म्हणजे लग्नाची छोटी झलक, चार दिवसांत द्यायचा, कारण तो इन्स्टावर जातो आणि पुढची कामं आणतो. त्यामुळे नव्या लग्नाचा टीझर जुन्या लग्नाच्या फिल्मच्या पुढं घुसत राहिला. मे महिन्यातलं लग्न अकरा वेळा मागं गेलंय, पाटीच्या जुन्या फोटोंत मोजलं.

५ ते ७ जानेवारी

पुण्याहून फोन. बी कॅमेऱ्याचं जवळपास सगळं निघालं. आवाजाचा फोल्डर नाही निघाला.

त्या लग्नात नवरीच्या आत्यांनी स्वतः रचलेल्या मंगलाष्टका म्हटल्या होत्या. पाच कडवी, दोन्ही घरांची नावं गुंफलेली. रेकॉर्डर त्यांच्या माइकच्या स्टँडलाच बांधला होता, म्हणून मी निर्धास्त होते.

उरला तो ए कॅमेऱ्यावरच्या माइकचा आवाज. कॅमेरा चाळीस फुटांवर, पत्र्याचं छत, घुमणारे स्पीकर, प्रत्येक कडव्याच्या शेवटी पाचशे माणसांचं 'सावधान' आणि वाजंत्री. रिझॉल्व्हमध्ये आवाज वेगळा काढायचं साधन आहे. ते पूर्ण लावलं की आत्या पिंपात बसून बोलल्यासारख्या ऐकू येतात आणि शब्दांच्या कडा तुटतात. ४५ वर आणलं, खालचा घुमारा कापला, मधला पट्टा थोडा उचलला. दोन दिवस यात गेले. पहिलं, दुसरं आणि पाचवं कडवं कळतं. तिसरं-चौथं ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत.

नवरीला फोन करून काय झालं ते सांगितलं, डिस्कपासून फॉरमॅटपर्यंत. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत्यालाच विचारा ना ताई, ती परत म्हणेल." मलाही तेच सुचलं होतं.

८ जानेवारी, गुरुवार

मिरजेहून अंकली, जयसिंगपूर, शिरोळ. रस्ताभर उसाच्या ट्रॉल्या, वीस किलोमीटरला तास लागला.

आत्यांनी वही काढून ठेवली होती. शाळेत मराठी शिकवायच्या. शार्दूलविक्रीडितात बसवण्यासाठी एकेक ओळ चार-चार वेळा खोडलेली. नवऱ्यामुलाचं आडनाव गणात बसेना म्हणून तिसरं कडवं पूर्ण फिरवलं होतं, तेही दाखवलं. पंखा बंद केला, खिडक्या लावल्या, दोन माइक लावले. आत्या पाचही कडवी अप्रतिम म्हणाल्या, स्वच्छ आणि ठाय.

मग मी त्यांना लग्नातला आवाज ऐकवला, जेवढा निघाला तेवढा. त्यांनी डोळे मिटून ऐकला. चौथ्या कडव्यात नवरीच्या वारलेल्या आजीचं नाव येतं, तिथं त्यांचा आवाज लग्नात कापला होता. शब्द कळत नाही, कापणं मात्र कळतं.

म्हणाल्या, "हाच ठेव, बाळ. आज म्हटलं ते पाठ म्हटल्यासारखं झालं. शब्द कळत नसतील तर खाली लिहून दे."

दोन दिवस मी आवाज साफ करत बसले होते आणि खाली शब्द लिहायचं मला सुचलं नव्हतं. घरी येऊन तसंच केलं. आवाज लग्नातलाच, वाजंत्रीसकट. खाली आत्यांच्या ओळी, त्यांच्याच वहीतल्या अक्षराचे फोटो घेऊन, एकेक ओळ उमटते. आज रेकॉर्ड केलेल्या पाच कडव्यांची वेगळी फाइल करून पेनड्राइव्हवर ठेवली आणि तिच्या नावातच आजची तारीख घातली, म्हणजे लग्नातला आवाज कोणता आणि नंतरचा कोणता यात पुढं कुणाची गल्लत होणार नाही.

आतापर्यंत केलेल्या फिल्ममध्ये मला ही सगळ्यात जवळची झाली.

यातून कामात झालेले बदल: कॅमेऱ्यात दोन कार्डं असतात आणि मी ती एकामागून एक भरायला लावली होती, आता दोन्हींवर एकाच वेळी रेकॉर्ड. आवाजाला दोन रेकॉर्डर, एक माइकपाशी आणि दुसऱ्याला साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून लाइन. साऊंडवाल्याला आदल्या दिवशी फोन करायचा, ऐन वेळी तो वायर देत नाही. आणि दोन डिस्कांवर प्रत झाल्याची वहीत सही नसेल तर कार्ड फॉरमॅट नाही, दुसऱ्या दिवशी लग्न असलं तरी नाही. त्यासाठी आणखी सहा कार्डं घेतली, १९,८०० गेले.

डिस्कांचं गणित असं. आम्ही ४के १०० एमबीपीएसवर शूट करतो, म्हणजे तासाला ४५ जीबी. दोन कॅमेऱ्यांचे मिळून ९ तास धरले तर ४०५, ड्रोन आणि आवाज धरून ४४० जीबी एका लग्नाला. वीस लग्नांचे ८.८ टीबी, तेही दोनदा. ८ टीबीच्या दोन टेबलावरच्या डिस्का घेतल्या, ३४,०००. एक गाळ्यात, एक घरी. फिल्म दिल्यावर सहा महिन्यांनी मूळ क्लिप पुसल्या जातील, हव्या असतील तर स्वतःची डिस्क आणून न्या, हे आता करारात आहे. एवढं केल्यावरच हे दोन डिस्कांत बसतं.

११ जानेवारी, रविवार

संगीत. गेल्या वर्षी तीन टीझरचा आवाज इन्स्टावर बंद झाला, दोन फिल्म यूट्यूबवर हक्काच्या दाव्यात गेल्या. लोक म्हणतात, सिनेमातलं गाणं टाका, सगळेच टाकतात. पण रेकॉर्डिंगचा हक्क कंपनीचा, शब्द-चालीचा वेगळा, आणि आपण दोन्हींपैकी काही घेतलेलं नसतं. लग्नात बँडवाल्यानं गाणं वाजवणं वेगळं आणि आपण ते फिल्मवर चढवून पैसे घेणं वेगळं.

मी राहते मिरजेत. सतारमेकर गल्ली माझ्या गाळ्यापासून चालत सात मिनिटांवर. इथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आणि मी परदेशी साइटवरून पियानोचे तुकडे विकत आणून हळदीवर लावत होते!

तिघांना विचारलं: सनई, सतार आणि ताल-तंबोऱ्याला एक. चार तासांचे १८,००० ठरले, शिवाय लेखी परवानगी की हे माझ्या सगळ्या फिल्ममध्ये वापरता येईल. कुणाची चाल घ्यायची नाही, रागातले स्वतःचे तुकडे वाजवायचे.

पहिली बैठक शुक्रवारी दुपारी केली ती फसली. गल्लीतल्या गाड्यांचे हॉर्न, शेजारी तासकाम, आणि सनईपुढं सतार ऐकूच येईना. काल रात्री साडेदहानंतर पुन्हा बसलो. सनई वेगळी, सतार वेगळी. थंडीत तारा उतरत होत्या, दर दोन तुकड्यांनी पुन्हा जुळवणी. दुसऱ्या बैठकीचे ६,००० वाढवून दिले, त्यांची काही चूक नव्हती.

एडिटिंगची एक गोष्ट कळली: प्रत्येक तुकडा विलंबित, मध्य आणि द्रुत असा तीनदा वाजवून घ्या आणि शेवट सुटा घ्या. नाहीतर कापायला जागाच मिळत नाही. अकरा तुकडे झाले. मे महिन्यातल्या लग्नाच्या पाठवणीवर सतारीचा विलंबित तुकडा लावला. एडिटर एरवी कधी काही म्हणत नाही, तो म्हणाला, "हे आपलं वाटतंय."

१४ जानेवारी, बुधवार, संक्रांत

नऊपैकी पाच झाल्या. तिळगूळ आणि पेनड्राइव्ह घेऊन चार घरी स्वतः गेले, सात महिने वाट बघणाऱ्या त्या काकूंच्या घरी सगळ्यात आधी. उशिराची माफी मागितली. त्यांनी आधी चहा केला, मग टीव्हीला लावायला सांगितलं. जाऊबाईंना हाक मारली, शेजारच्यांना बोलावलं. सव्वा तास बसले. पैसे मी मागितले नाहीत, त्यांनीच निघताना पाकीट दिलं.

दिवसभरात ६२,००० जमा. दोन घरी उसाचं बिल अजून आलेलं नाही. नियमानं ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत जमा व्हायला हवं, पण आमच्याकडं सगळ्यांची देणीघेणी त्या बिलाच्या वाटेवर बसलेली असतात, माझीही. त्यांच्याकडं तगादा लावणार नाही.

१७ जानेवारी, शनिवार

पंचांग घेऊन बसले. हे काम डिसेंबरातच व्हायला हवं होतं.

यंदा अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. म्हणजे मेचा दुसरा पंधरवडा, आपल्या धंद्यातला सगळ्यात जाड पंधरवडा, गेला. आषाढी एकादशी २५ जुलैला, तिथून चातुर्मास. अधिक महिन्यामुळे दिवाळीही लांबली, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, आणि तुळशीची लग्नं २० नोव्हेंबरच्या पुढं. गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तुळशीची लग्नं लागली होती. वरवर बघितलं तर वर्ष तेवढंच, लग्नाचे दिवस मात्र कमी. सगळ्यांची गर्दी फेब्रुवारी ते १६ मे यात होणार, १९ एप्रिलच्या अक्षय्य तृतीयेला तर आत्ताच तीन चौकश्या आहेत. जे मित्र यंदा २०२५ एवढीच कामं धरून नवा कॅमेरा हप्त्यावर घेताहेत, त्यांनी आधी कॅलेंडर उघडावं.

माझं ठरलं: २० लग्नं, महिन्याला जास्तीत जास्त ५, सरासरी ८५,०००. म्हणजे १७,००,०००. शूटिंगला येणाऱ्या मुलांचे पैसे वाढवून लग्नामागे २४,००० केले, ४,८०,०००. एडिटरला महिना २०,०००, त्याचे २,४०,०००. प्रवास १,०५,०००. डिस्का, कार्डं आणि पुण्याचा खर्च धरून १,२०,०००. भाड्याच्या लेन्स ६०,०००. गाळा ९६,०००. हप्ता ऑगस्टला संपतो, तोवरचे १,१६,०००. बाकीचं ६०,०००. एकूण १२,७७,०००, उरतात ४,२३,०००.

सात लग्नं कमी करूनही गेल्या वर्षीपेक्षा तीन हजार जास्त. बेरीज तीनदा तपासली.

२७ लग्नं आणि ८५,००० दोन्ही का नको, असं नवऱ्यानं विचारलं. ते २२,९५,००० होतात. उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी आणि १८ टक्के कर. लग्नघराला तो कर कुठं वळता करून घेता येत नाही, त्यांना माझा दर सरळ लाखावर गेलेला दिसेल. शिवाय ते ४०० तास पुन्हा कुठून आणायचे.

हप्ते आता बुकिंगला ३०, हळदीच्या आधी ५०, फिल्म दिल्यावर २० टक्के. फिल्म ७५ दिवसांत. उशीर झाला तर दर आठवड्याला शेवटच्या हप्त्यातले हजार रुपये मी कमी करेन. हे कलम घालताना हात अडखळला, पण माझ्या शब्दावर आता त्या काकूंनी का विश्वास ठेवावा?

नवा ड्रोन घेणार नाही. आहे तो २५० ग्रॅमच्या आतला, म्हणजे २०२१ च्या ड्रोन नियमांत नॅनो वर्गातला, त्याला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, आणि वरातीला तेवढा पुरतो.

नवा दर सांगून आतापर्यंत पाच जणांशी बोलणं झालं. दोघांनी बुकिंग केलं, दोघं नाही म्हणाले, एक विचार करून सांगतो म्हणाले. नाही म्हणणाऱ्यांपैकी एक माझ्या चुलत नणंदेच्या ओळखीतले. घरात थोडं ऐकून घ्यावं लागलं.

२२ जानेवारी, गुरुवार

सात झाल्या. एक परत आली.

डिसेंबरमधल्या लग्नात नवरीला बोहल्यावर आणणारे मामा अख्ख्या फिल्ममध्ये नीट दिसतच नाहीत. मामा तिच्या मागं उभे, कॅमेरा समोर, मध्ये अंतरपाट आणि मुंडावळ्या. आम्हाला तो शॉट फार सुंदर वाटला होता. मामा मात्र जेवण न करता उठून गेले म्हणे, फिल्म बघताना. क्लिप धुंडाळल्यावर बी कॅमेऱ्यात ते सापडले: पहाटे पंगतीच्या वाढप्यांना ओरडताना, आणि मग एकटेच खुर्चीवर बसून भाचीचे शालू-दागिने मोजून पिशवीत ठेवताना. हा दुसरा शॉट नऊ सेकंदांचा आहे. हायलाइटमध्ये, मंगलाष्टकांच्या बरोबर आधी लावला.

आता लग्नाआधी दोन्ही घरांकडून मानाच्या माणसांची यादी घेणार, नाव, नातं आणि एक फोटो. हे विचारायला फोनवर दहा मिनिटं लागतात. दुरुस्त्यांच्या ९ तासांतले निम्मे 'अमुक दिसत नाहीत' यातच जातात. दुरुस्तीच्या फेऱ्या दोनच, तेही करारात.

त्याच फिल्ममध्ये स्टेजवरच्या एलईडी दिव्यांमुळे पट्टे सरकत होते. बी कॅमेऱ्याचा शटर १/६० वर राहिला होता. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, तेव्हा १/५० किंवा १/१०० ठेवा. डिफ्लिकर हे पट्टे घालवायचं साधन लावून बरंच कमी झालं, सगळं गेलं नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

आठ दिल्या. नववी तयार आहे, पण जोडपं जर्मनीत आहे आणि त्यांना आईबाबांबरोबर व्हिडिओ कॉलवर एकदम बघायची आहे. रविवारी रात्री ठरलंय. पाटीवरून ते नाव तोवर पुसत नाही.

३,५५,००० च्या येण्यातले २,४१,००० जमा झाले. राहिलेल्यांत ४५,००० बहुधा येणार नाहीत, त्या दोन घरांशी माझं लेखी काहीच नाही.

महिन्यातला जास्तीचा खर्च: डिस्क ३२,०००, नव्या डिस्का ३४,०००, कार्डं १९,८००, संगीत २४,०००, पुण्याच्या फेऱ्या २,३००. एकूण १,१२,१००. पहिले तीन आकडे डिस्का-कार्डांच्या १,२०,००० मध्ये धरलेत. संगीताचे धरले नव्हते, ते बाकीच्या साठ हजारांतून काढावे लागतील.

शिरोळची फिल्म मंगळवारी पोचवली. आत्यांचा रात्री निरोप आला: चौथ्या कडव्यात 'माउली'चा मा दीर्घ हवा, खाली ऱ्हस्व पडलाय. बघितलं तर फोटो कापताना काना अर्धा गेला होता. रात्रीच दुरुस्त करून पुन्हा पाठवली.

२ फेब्रुवारी, सोमवार

उद्या सकाळी नऊ त्रेपन्नचा मुहूर्त, सहाला कार्यालयात. बॅगेत दोन रेकॉर्डर, सहा नवी कार्डं, वही. मानाच्या यादीत २३ नावं आहेत, नवऱ्यामुलाच्या पणजीबाई पहिल्या. त्यांना ऐकू कमी येतं आणि त्या उजव्या बाजूला बसणार आहेत, असं नवऱ्यामुलाच्या बहिणीनं फोटोखाली लिहून पाठवलंय. साऊंडवाल्याशी बोलले, मिक्सरची वायर देतो म्हणाला.